दिलेली पाटी कोणाची?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या जुन्या परिचयाच्या एका घरी आम्ही सहज डोकावलो होतो. घरात काही तरी बिनसले आहे, हे पायरीवरच कळले. थोरला मुलगा जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहून बी. एस्सी. करतो. पहिल्या वर्षी त्याला सरकारी योजनेतून एक टॅबलेट मिळाला होता. आता धाकटी बहीण कॉलेजात जाणार, तेव्हा तुझा टॅब तिला दे, असे आईने म्हटले आणि तो त्याने दोन वर्षांपूर्वीच विकून टाकला आहे, ही गोष्ट उघडकीस आली. आई डोळ्यांना पदर लावून बसली होती. मामा येरझारा घालीत होते. "शिकायला म्हणून दिलेली वस्तू बाजारात नेऊन विकली! ही चोरीच झाली," असे ते पुनःपुन्हा म्हणत होते. मुलगा भिंतीला पाठ लावून, मान खाली घालून बसला होता.

आम्हांला पाहताच मामा म्हणाले, "आता तुम्हीच सांगा." अशा वेळी वडीलधाऱ्या माणसाने जे बोलायचे ते आम्ही बोललो. विश्वासाने दिलेली वस्तू विकणे बरे नव्हे, वगैरे. मुलाने वर पाहिले आणि एवढेच म्हटले, "काका, परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. बाबांना तेव्हा काम नव्हते." मग तो गप्प झाला. मोबाइलच्या दुकानात त्याला साडेतीन हजार रुपये मिळाले होते. त्यांतून परीक्षेची फी गेली आणि उरलेले खानावळीच्या थकबाकीत गेले. फॉर्म भरला नसता तर वर्ष गेले असते.

घरी परतताना आम्हांला आमच्याच बोलण्याची लाज वाटू लागली. त्याने केले ते योग्य होते, असे आम्हांला त्या दिवशी वाटले नाही. आजही पुरते वाटत नाही. पण मामांचा शब्द आणि आमचा उपदेश हे दोन्ही फार स्वस्त होते, एवढे खरे. प्रश्न खोल आहे. एखाद्याला त्याच्या भल्यासाठी आपण वस्तू देतो, तेव्हा ती त्याची होते की आपलीच राहते? आणि दिल्यावर आपले काही देणे उरते की नाही?

आमच्या घरातल्या वृद्धांना टॅबलेट म्हटले की अजून औषधाची गोळीच आठवते. या गोंधळात थोडे शहाणपणही आहे. गोळीप्रमाणे हीही वस्तू एकदा पोटात गेली की गुण आलाच पाहिजे, असे पुष्कळांना वाटत असते. परंतु इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ पाटी असाच आहे. मोशेने डोंगरावरून आणलेल्या दगडी पाट्यांनाही त्या भाषेत हाच शब्द वापरतात. आम्ही ज्या पाटीवर बाराखडी गिरवली ती लाकडी चौकटीतली, ओल्या फडक्याने पुसायची, कोपरा फुटला तरी वर्षभर चालवायची. दगडाच्या त्या पाटीला मोड येत नसे. कोणी ती विकील अशी भीती कोणा दात्याला वाटली नाही, कारण अक्षरांखेरीज तिचा दुसरा उपयोगच नव्हता. आजच्या पाटीला बाजारभाव आहे. म्हणून ती गरिबाच्या हाती पडताच तिच्यासमोर दोन वाटा उभ्या राहतात, आणि अशी दुवाट श्रीमंताच्या मुलापुढे कधी येतच नाही.

महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या हाती अशी पाटी द्यावी हा विचार आजचा नाही. २००९ मध्ये केंद्र सरकारने माहिती-तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शिक्षण देण्याचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले आणि त्याच वर्षी तिरुपती येथे अवघ्या दहा डॉलरांच्या संगणकाची भाषा झाली. जुलै २०१० मध्ये तो आकडा पस्तीस डॉलरांवर आला; त्या वेळच्या भावाने सुमारे सोळाशे रुपये. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे मंत्री कपिल सिब्बल यांनी ५०० विद्यार्थ्यांच्या हाती 'आकाश' नावाचा टॅबलेट दिला. त्याची जुळणी हैदराबादेत झाली होती. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता आणि त्यातला निम्मा भार सरकारने सोसावा, अशी योजना होती.

नाव आकाश असले तरी वस्तू जमिनीवरचीच होती. सात इंची पडदा. तोही बोट नुसते टेकवून चालत नसे, दाबावे लागे. स्मरणशक्ती २५६ मेगाबाइटची. बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकी. इंटरनेट केवळ वायफायवर मिळे, आणि त्या काळी आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांसाठी वायफाय कोठे होते? यात कोणाची अप्रामाणिकता होती, असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या मुलालाही मिळावे, ही कळकळ खरीच होती. पण आधी आकडा ठरला आणि मग त्या आकड्यात बसेल अशी वस्तू शोधली गेली. विद्यार्थी संध्याकाळी कोठे बसतो, त्याच्या खोलीत विजेचे बटण आहे का, त्याला काय वाचायचे आहे, हे प्रश्न मागाहून आले. घरी पाहुणा यायचा असता आधी 'पानाला दहा रुपये' असे ठरवून मग स्वयंपाक काय करायचा ते पाहावे, तसे हे झाले.

पुढच्या वर्षी हे काम मुंबईच्या आय. आय. टी.कडे आले आणि प्रा. दीपक फाटक यांनी ते हाती घेतले. इंदूरच्या वाचकांना हे नाव परके नाही. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी इंदुरातच घेतली. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'आकाश'ची दुसरी आवृत्ती ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते प्रकाशित झाली. तिचा पडदा हलक्या स्पर्शाने चालत होता, स्मरणशक्ती दुप्पट होती. पण आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. या वेळी विद्यार्थ्यांच्या आधी शिक्षकांचा विचार झाला. देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील हजारो शिक्षकांना दूरस्थ केंद्रांवर एकत्र बसवून ही वस्तू वर्गात कशी वापरावी, हे शिकविण्यात आले. सी, पायथन, सायलॅब अशा भाषांतले धडे विद्यार्थ्याने त्याच पाटीवर सोडवावेत, अशी सोय करण्यात आली. येथे दाता वस्तू देऊन निघून गेला नाही. काही काळ तरी जवळ बसला.

तरीही तो प्रवाह पुढे वाढला नाही. चौथ्या आवृत्तीचा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण ती विद्यार्थ्यांच्या हाती मोठ्या प्रमाणावर पडलीच नाही. बाजारात तोवर बऱ्यापैकी फोन स्वस्त होऊ लागले होते आणि सप्टेंबर २०१६ नंतर तर मोबाइलवरचे इंटरनेटही स्वस्त झाले. मग राज्यांनी आपापल्या वाटा धरल्या. गुजरातेत २०१७ पासून महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांना हजार रुपयांत टॅबलेट देण्याची योजना आली, आणि आमच्या बडोद्याच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी तो आला असेल. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी पदवी महाविद्यालये, तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये यांतील दीड लाखाहून अधिक विद्यार्थ्यांना टॅबलेट दिले. उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी २५ डिसेंबरला टॅबलेट व स्मार्टफोन वाटण्यास आरंभ केला. त्याच राज्यात २०१३ साली वाटलेला लॅपटॉप उघडला की पडद्यावर सत्ताधारी नेत्यांची छायाचित्रे दिसत. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू न देण्याची जी रीत आपण मुलांना शिकवितो, तिच्याशी याचा मेळ कसा घालावा, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

असो. आपण त्या मुलाकडे परत येऊ.

आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांना आम्ही विचारले. ते म्हणाले, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणे बक्षीस म्हणजे मोबदल्यावाचून स्वखुशीने दिलेली आणि घेणाऱ्याने स्वीकारलेली वस्तू. एकदा स्वीकारली की ती त्याची. देताना काही अट घातली असेल, सहीचा कागद असेल, तर गोष्ट निराळी. आणि हजार रुपये भरून घेतली असेल तर ती धड बक्षीसही नव्हे आणि धड खरेदीही नव्हे. मुलाला विचारता कळले की एका रजिस्टरात सही घेतली होती. वर काय लिहिले होते ते कोणी वाचून दाखविले नाही, मागे रांग मोठी होती.

कायद्याने फार तर एवढेच सुटते. आपल्या मनात मात्र देणगी आणि ठेव यांत भेद असतो. मामीने भाच्याला लग्नात दिलेली अंगठी त्याची. पण परगावी जाताना शेजारणीने आपल्याकडे ठेवलेली पाटली आपली नव्हे. शिक्षणासाठी दिलेला टॅबलेट या दोहोंच्या मध्ये कोठे तरी पडतो. दिला तर कायमचा, पण दिला तो कशासाठी, हे त्याला चिकटूनच आले. मामांचा राग त्या 'कशासाठी'वरून होता, आणि तेवढ्यापुरता तो रास्त होता.

पण मग आमच्या मनात दुसरा विचार आला. त्याच गल्लीत आणखी दोन घरी असे टॅबलेट आलेले आम्हांला ठाऊक आहेत. एका घरी तो कपाटात, टॉवेलात गुंडाळून, चावीच्या आड ठेवलेला आहे. मुलाने बिघडवू नये म्हणून आईने तो बाहेर काढलाच नाही, आणि आता त्याची बॅटरी चार्ज होत नाही. दुसऱ्या घरी त्यावर धाकटी मुले दिवसभर चित्रफिती पाहतात. या दोन्ही घरांना कोणी चोर म्हटलेले नाही. उलट पहिल्या घराची 'वस्तू जपून ठेवतात हो' अशी वाखाणणीच होते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना मोहरांचा दृष्टान्त शिकवावा लागतो. त्यात धन्याने ज्याला दोषी धरले, त्याने मोहर विकली नव्हती, उधळलीही नव्हती. रुमालात नीट बांधून जशीच्या तशी परत आणली होती. आमच्या मुलाने निदान आपली मोहर शिक्षणातच लावली. परीक्षेची फी हेही शिक्षणच. दात्याचा हेतू त्याने मोडला की आपल्या समजुतीप्रमाणे पाळला, हे म्हणूनच झटकन सांगता येत नाही.

इतके लिहून आम्ही थांबलो असतो, तर मुलगा सुटला असता आणि आम्हीही सुटलो असतो. पण त्यानंतर आठवड्याने तो स्वतःच आमच्याकडे आला आणि त्याने जे सांगितले त्याने प्रश्नाची दिशाच बदलली.

दुसऱ्या वर्षी त्यांना चौघांचा मिळून एक प्रकल्प होता. गावातल्या बारा बोअरवेलचे पाणी आणून त्याचा जडपणा मोजायचा. प्रत्येकाने तीन बोअरवेलचे नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेत मोजायचे, आणि रात्री आपापल्या टॅबवरून एकाच सामाईक तक्त्यात आकडे भरायचे. हे तक्ते असे असतात की चौघे चार ठिकाणी बसून एकाच वेळी त्यांत लिहू शकतात. कोणी कोणता आकडा कधी घातला, तेही मागे जाऊन पाहता येते. चौघांचे आकडे शेजारी शेजारी आले की चूक चटकन दिसते. एकाच विहिरीच्या आसपासचे दोन आकडे फार निराळे आले, तर कोणी तरी बाटली धुतली नव्हती, हे उमगते. तीन रकाने रोज भरत. चौथा रिकामा राही. याचे आकडे एका वहीत असत, आणि ती वही घेऊन तो साडेनवाला मित्राच्या खोलीवर जाई. मित्राचे स्वतःचे वाचन तेवढा वेळ थांबे. कधी मित्र झोपलेला असे, मग आकडे दुसऱ्या दिवशी. एकदा दोन दिवस उशीर झाला आणि तेवढ्यात नमुन्याचे पाणी फेकून दिलेले होते. ते मोजमाप पुन्हा करता आले नाही. प्रकल्पात बाराऐवजी अकरा बोअरवेल लिहाव्या लागल्या.

"मामा म्हणतात मी सरकारला फसवले," तो म्हणाला. "सरकारचे मला काही वाटत नाही, काका. सरकारला कळलेही नसेल. पण त्या तिघांना मी सांगितलेच नाही की विकला म्हणून. बिघडलाय, असे सांगितले."

आम्हांला वाटते, दोष शोधायचाच तर तो येथे आहे. मुलाला तो आपणहून सापडला होता. आमच्या उपदेशाची त्याला गरज नव्हती.

आणि टॅबलेट द्यावा की न द्यावा, या वादात जी गोष्ट सहसा सुटते, तीही येथेच आहे. देणारे म्हणतात, 'एकेकाला एक'. घेणारा म्हणतो, 'माझा'. पण एकत्र शिकण्याचे साधन म्हणून जी वस्तू दिली जाते, ती एकट्याची कधीच पुरती नसते. चौघांपैकी एकाकडे ती नसेल तर बाकीच्या तिघांकडील तिचे मोलही उणे होते. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग पडद्यावर आले, तेव्हा हे सर्वांनी पाहिले. ज्याच्याकडे साधन नव्हते त्याचे नुकसान उघडच होते. परंतु वर्गातून तो नाहीसा झाल्यामुळे त्याने विचारले असते ते प्रश्नही वर्गातून नाहीसे झाले, आणि ते नुकसान उरलेल्यांचे होते. सर्वांना द्यावे, श्रीमंत-गरीब न पाहता द्यावे, या म्हणण्याला आमच्या मते हेच सर्वांत भक्कम कारण आहे. दयेपोटी दिले तर ते गरिबालाच द्यावे लागेल. मिळून काम व्हावे म्हणून दिले तर कोणालाही वगळून चालणार नाही.

इस्राएल लोकांना पाट्या मिळाल्या त्या दोनच. घराघराला एकेक नाही. त्या कोशात ठेवून सर्वांच्या मध्ये वाहून नेल्या जात. आम्ही हा दाखला ओढूनताणून लावीत आहोत, असे कोणी म्हटले तर त्याचे म्हणणे मान्य आहे. पण मध्ये ठेवलेल्या वस्तूभोवती माणसे जशी जमतात तशी आपापल्या मांडीवर ठेवलेल्या वस्तूभोवती जमत नाहीत, हे वसतिगृहात कोणत्याही रात्री डोकावले तरी दिसेल. एका खोलीत चार मुले, चार पडदे, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. त्याच खोलीत वीज जाऊन तीन बॅटऱ्या संपल्या की चौथ्या पडद्याभोवती वाद सुरू होतो, आणि त्या वादात पुष्कळदा धडा समजतो. याचा अर्थ साधन कमी द्यावे असा मात्र काढू नये. उपासमारीतही माणसे एका ताटाभोवती जमतात, म्हणून कोणी उपासमार मागत नाही.

मुलाच्या बाजूने जमेची गोष्ट सांगायची राहिली. तिन्ही मित्रांनी त्याचे नाव अहवालातून वगळले नाही. ज्याच्या खोलीवर तो जात असे, त्याने एकदाही दार लावून घेतले नाही. सुटीनंतर परत जाऊन त्याने तिघांना खरे काय ते सांगितले. एक जण रागावला. दुसरा हसून म्हणाला, आम्हांला पहिल्या महिन्यातच कळले होते, त्या दुकानात तुझा टॅब काचेत मांडलेला होता, मागे तुझ्या नावाची चिठ्ठी अर्धी खरडलेली तशीच होती.

आता राहिली शेवटची अडचण, आणि ती आम्ही वाचकांपुढेच ठेवतो. मुलगा आता शिकवण्या करतो. त्याने साडेतीन हजार रुपये साठविले आहेत आणि ते परत करावेत असे त्याच्या मनाने घेतले आहे. तो चौकशीला गेला. ज्या टेबलावर वाटप झाले होते तेथे आता दुसरेच काम चालते. तेथील गृहस्थ भले होते, त्यांनी रजिस्टर शोधले, डोके खाजविले आणि म्हणाले, "बाबा, देण्याचे खाते आहे. परत घेण्याचे खातेच नाही." बहिणीसाठी जुना टॅब घ्यावा, असे आई म्हणते. मामा म्हणतात, आधी सरकारच्या नावे मनिऑर्डर कर आणि पावती जपून ठेव. मुलाच्या मनात तिसरेच आहे: आता पहिल्या वर्षाला आलेल्यांत ज्याच्याकडे काही नाही अशा एखाद्याला तो घेऊन द्यावा, पण मग त्यानेही परीक्षेच्या फीसाठी विकला तर आपण काय म्हणायचे, असे त्याने आम्हांला विचारले.

आम्ही त्याला अजून उत्तर दिलेले नाही. पैसे सध्या पोस्टात आहेत. पुढल्या महिन्यात नवे वर्ष सुरू होईल. त्याआधी कोणा वाचकाला काही सुचल्यास त्यांनी आम्हांला अवश्य लिहावे, आम्ही ते त्याच्यापर्यंत पोचवू.